चार घरांचा बाजार

बाजाराच्या दिवशी ऊन कलायला लागलं की लिंगाप्पा डोक्याला पटका गुंडाळायचा, दोन रिकाम्या पिशव्या काखेत मारायचा आणि कन्नड मुलखाच्या सीमेवरल्या औरादच्या त्या चिंचोळ्या गल्लीतून अशा ऐटीत निघायचा, की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कुणाची तरी सोयरीक जमवायला चाललाय. परत यायचा तो दिवेलागणीला. तेव्हा पिशव्या भरलेल्या असायच्याच, वर डोक्यावर एक पोतंही असायचं.

त्या दिवशी पोत्यात वांगी होती.

"अंबिका, जरा हात लाव गं," दारातूनच त्यानं सुनेला हाक मारली.

अंबिकानं पोतं उतरवून घेतलं. तोंड सोडलं तर वरची वांगी चकचकीत जांभळी होती, खालची मात्र दबून काळवंडली होती.

"सगळं पोतं किती रुपयाला आलं असंल, सांग बघू?"

"मला काय ठाव, मामा."

"पन्नास! पन्नास रुपयांत पोतं! सकाळी ह्याच वांग्यांला तीस रुपये किलो सांगायली होती ती बाई."

अंबिका हसली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की न हसणं जिवावर आलं असतं. पण हसता हसता तिची नजर आत टोपलीकडं गेली. मागच्या बाजारातले दोडके तिथं वाळून दोरखंड झाले होते. कोथमिरीची जुडी पिशवीतल्या पिशवीत काळी पडली होती. फ्रिजचं दार गुडघ्यानं रेटल्याशिवाय लागत नव्हतं. आता ही वांगी कुठं ठेवायची?

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. नवरा सिद्धराम एका आडत दुकानाचा टेम्पो चालवायचा. मुलगी कावेरी सहावीत होती. आणि लिंगाप्पा. त्याचा सगळा जन्म चिंताकी गावात मेंढरांमागं गेला. बायको अनसाबाई वारली, पाठोपाठ रानोमाळ हिंडणंही गुडघ्यांना झेपेना, तेव्हा कळप विकून तो लेकाकडं तालुक्याला राहायला आला. इथं त्याला काम असं काही नव्हतं. सकाळी पारावर बसायचं, दुपारी पडायचं. बाजार तेवढा त्याचा होता.

चिंताकीला असताना हेच पोतं कुणाला जड झालं नसतं. अनसाबाई पोतं अंगणात ओतायची, निवडायची. चांगलं घरात जायचं, थोडं शेजारी जायचं, चिरून थोडं माळवदावर वाळत पडायचं आणि नासकं-किडकं मेंढरांच्या तोंडी. घरात कधी काही वाया गेलेलं लिंगाप्पानं पाहिलंच नव्हतं, कारण वाया जाण्याआधी ते कुठं ना कुठं जिरायचं. इथं ना अंगण होतं, ना मेंढरं. माळवदाच्या जागी गच्ची होती, पण ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकाची, माणिकरावांची. तिच्या जिन्याला कुलूप असायचं.

पहिल्या दिवशी भरलं वांगं झालं, दुसऱ्या दिवशी भरीत, तिसऱ्या दिवशी वांग्याचं कालवण. चौथ्या दिवशी कावेरीनं डबा जसाच्या तसा परत आणला. "आई, मास्तरीणबाई विचारायल्या होत्या, तुमच्या शेतात निस्तं वांगंच पिकतंय का," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी अंबिकानं उरलेली वांगी कचऱ्याच्या बादलीत टाकली. सकाळी कन्नड गाणं वाजवत कचऱ्याची गाडी गल्लीत आली, तेव्हा बादली उचलणाऱ्या बाईला ती एका हातानं उचलेना. दोन्ही हात लावत ती सहज बोलून गेली, "अक्का, घरात खानावळ चालवायलाव का काय?"

बाईच्या मनात काही नव्हतं. पण समोरच्या सुमनबाई फिसकन हसल्या आणि शेजारची रेणुकाही पदराआड हसली. अंबिकाचे कान तापले. घाईघाईनं आत वळताना तिला एवढंच दिसलं, की सुमनबाईंच्या बादलीतही अर्धी पत्ताकोबी होती आणि रेणुकाच्या बादलीत बुरा आलेल्या भाकरी.

सिद्धराम महिन्याच्या सुरुवातीला घरखर्च तिच्या हातात द्यायचा. तो महिनाभर पुरायला हवा होता, कारण भाजी तर फुकटात आल्यासारखी येत होती. तरी महिना संपत आला की दूध निम्म्यावर यायचं आणि तेलाची बाटली उपडी करून ठेवावी लागायची. अंबिका मनाशी हिशोब मांडायची आणि तो जुळायचा नाही. पन्नासाचं पोतं, त्याला लागणारं तेल, शेंगदाण्याचं कूट, गॅस. आणि शेवटी अर्धं बादलीत. सस्तं म्हणायचं तरी कशाला?

सासऱ्याला हे सांगायचं कसं, ते तिला सुचत नव्हतं. तेवढ्यात टमाट्याचं प्रकरण झालं.

लिंगाप्पानं एक अख्खं क्रेट टमाटे आणले आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना खजुरीला, अंबिकाच्या मावसभावाच्या लग्नाला जायचं होतं. जागा नव्हती म्हणून तिनं क्रेट खाटेखाली, ज्वारीच्या पोत्याला टेकवून सरकवलं. लग्न, वरात, पाहुण्यांचा आग्रह, असं करत परतायला उशीर झाला. दार उघडताच आंबूस भपकारा आला. टमाटे फुटून त्यांचं पाणी पोत्याखाली गेलं होतं. सिद्धरामनं पोतं उचललं तर बुडाच्या ज्वारीला बुरशी लागलेली.

वर्षाची ज्वारी होती ती. सिद्धराम सहसा बापापुढं आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढला.

"अप्पा, ह्ये बगा! सस्तं सस्तं म्हणून आणायलाव आन् घरातली ज्वारी नासवायलाव. आता बास झालं. इथून पुढं तुमी बाजारला जाऊ नका. भाजी मी आणत जातो."

लिंगाप्पानं एकदा पोत्याकडं पाहिलं, एकदा लेकाकडं.

"बरं," एवढंच म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

अंबिकाला हेच तर हवं होतं. आता ते झालं होतं, तरी तिला हलकं वाटेना. ती ओली ज्वारी निवडत बसली आणि मधूनमधून दाराकडं बघत राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पटका खुंटीवरच राहिला. गल्लीतून बायका पिशव्या घेऊन जाताना लिंगाप्पा पायरीवर बसून बघत होता. रात्री ताटात अर्धी भाकरी तशीच. "भूक न्हाई," म्हणाला. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच.

इकडं सिद्धरामनं भाजीची जबाबदारी घेतली खरी, पण त्याला बाजारात फिरायला वेळ कुठला? त्यानं बसस्टँडजवळच्या नव्या काचेच्या दुकानाचा रस्ता धरला. तिथं दोन शेवयांच्या पाकिटांवर एक फुकट होतं, म्हणून तीन आणली. सॉसची मोठी बाटली आणली. प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिरलेली भाजी आणली, ती फ्रिजमध्ये घाम सुटून बुळबुळीत झाली. कावेरी दोन दिवस खूश होती. मग शेवया डब्यात पडून राहिल्या. त्या महिन्यात दूध निम्म्यावर आलं ते नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच.

"म्हागाईच लई झालीय," सिद्धराम जेवता जेवता म्हणाला.

"म्हागाई हाय तेवढीच हाय," अंबिका हळूच म्हणाली. "मामा बाजारातलं बगून आणत होते, तुमी दुकानातलं बगून आणायलाव. घरातलं बगून कुणीच आणंना."

सिद्धरामचा घास हातातच राहिला. अंबिकालाही आपण एवढं बोललो याचं नवल वाटलं. पण बोलल्यावर तिला पुढचंही दिसायला लागलं.

त्या आठवड्याच्या बाजाराला ऊन कललं तशी तिनं खुंटीवरचा पटका काढला आणि पायरीवर बसलेल्या सासऱ्यापुढं धरला.

"चला मामा, बाजारला जाऊ. मी पन येते."

"सिद्धराम न्हाई म्हणलाय."

"त्यांला मी सांगितलंय. पन आधी आत या."

तिनं त्याला स्वयंपाकाच्या खोलीत नेलं. फ्रिज उघडला, टोपली पुढं ओढली. "घरात काय हाय, त्ये बगून घ्या."

लिंगाप्पा जरा संकोचला. उभ्या जन्मात त्यानं चुलीपाशी डोकावून पाहिलं नव्हतं, ते राज्य अनसाबाईचं होतं. पण तो वाकला. कळपातली मेंढरं मोजावीत तसा एक एक बोट दाखवत बोलायला लागला. "कांदं हायत. बटाटं हायत. गवार उद्याच्याला पुरंल. मिरची लई हाय. मग लागतंय काय? टमाटं. पालाभाजी. लसूण."

"बास. तेवढंच."

"तेवढंच," तो म्हणाला आणि पटका गुंडाळायला लागला.

बाजारात शिरल्यावर अंबिका बघतच राहिली. घरात दिवसाकाठी चार वाक्यं न बोलणारा माणूस इथं पाचव्या पावलाला थांबून बोलत होता. लसूणवाल्या चाचांशी दखनी उर्दूत, "क्या मियाँ, आज लहसुन सूखा-सूखा दिखरा." मिरचीवाल्याशी कन्नडात. तेलंगणातून जीपनं येणाऱ्या बायकांशी तेलुगूत. कुणी त्याला हाक मारून बसायला पोतं पुढं करत होतं, कुणी विचारत होतं, इतके दिवस होतात कुठं? पालेभाजीच्या एका बाईनं तर न विचारता मेथीची जुडी पिशवीत कोंबली आणि पैसे घेईना. लिंगाप्पानं ते जबरदस्तीनं तिच्या पाटीत टाकले.

सगळं पिशवीत पडलं, राहिले फक्त टमाटे. तोवर दिवस मावळायला आला होता. बाजार उठत होता. कडेला एक तरणी बाई टमाट्यांचा ढीग पुढं घेऊन बसली होती आणि सारखी रस्त्याकडं बघत होती. शेवटची जीप निघायची वेळ झाली होती. तिच्यासमोर लिंगाप्पाचे पाय थांबले.

"मामा, आपल्याला दोनच किलो पाहिजेत," अंबिका म्हणाली.

"व्हय. दोनच." पण तो हलेना. ढिगाकडं बघत तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "सिद्धराम बारका होता, तवाची गोष्ट. कोकरं घेऊन उदगीरच्या बाजारला गेलतो. दिवसभर उभा राहिलो, कुणी बोट लावलं न्हाई. परत पायी आणावी लागली. एक वाटंतच गेलं. घरी आलो तर अनसा दारात उभी. तिला काय सांगावं, कळंना."

अंबिकानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी सस्तं मिळतंय म्हणून घेत न्हाई गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरी आल्यावर सांगायला म्हणून सस्तं म्हणतो. ह्यांनी आता ह्ये डोक्यावर घिऊन माघारी जायचं, त्ये मला बगवत न्हाई."

इतकी वर्षं या माणसाच्या डोक्यावरचं पोतं आपण उतरवून घेत होतो, आणि हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं अंबिकाला वाटलं. तिनं त्या बाईकडं पाहिलं. साधारण तिच्याच वयाची होती. ढिगातले टमाटे चांगले टणक होते. दोन किलो घेऊन निघून जाणं शहाणपणाचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं सुमनबाईंच्या बादलीतली ती अर्धी कोबी आली. सुमनबाईंच्या घरी माणसं दोन, पोरं पुण्याला. गड्डा मोठा म्हणून निम्मा टाकायचा. रेणुकाचा नवरा एसटीत कंडक्टर, पदरात तान्हं लेकरू, ती दारावर येणाऱ्या गाड्यावरून दीडपट भावानं घ्यायची. वर माणिकराव एकटेच. गल्लीत सगळ्यांना थोडं थोडं लागत होतं आणि बाजारात सगळं ढिगानं मिळत होतं.

"तिला विचारा मामा, सगळा ढीग कितीला देती."

लिंगाप्पानं चमकून सुनेकडं पाहिलं. तेलुगूत बोलणं झालं. बाईनं सांगितलेल्या भावावर त्यानं एकदाही घासाघीस केली नाही, हेही अंबिकाच्या लक्षात आलं.

"पन माझी एक अट हाय," ती म्हणाली. "घरात दोन किलोच ठिवायचं. बाकीचं गल्लीत वाटायचं."

"फुकट?"

"फुकट कामून? ज्या भावानं घेतलं, त्या भावानं."

गल्लीत पोचल्यावर मात्र तिचा धीर सुटायला लागला. पायरीवर टमाट्यांचा ढीग ओतून बसायचं म्हणजे भाजीवालीच झाल्यासारखं. सुमनबाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी लगेच विचारलंच, "अगं बाई, दुकान काढलंस का?"

"दुकान न्हाई काकू. मामांनी ढीग घेतलाय, आमाला एवढं लागत न्हाई. तुमाला किती लागतंय?"

सुमनबाई जवळ आल्या, एक टमाटा दाबून पाहिला, भाव विचारला. भाव ऐकून त्यांनी दुसऱ्यांदा विचारला. "एक किलो दे. न्हाई, अर्धाच दे. दोघांला तेवढं रग्गड झालं. बाजारात अर्धा किलो मागितलं तर तोंड वाकडं करत्यात मेले."

रेणुका लेकराला कडेवर घेऊन आली. माणिकराव जिन्यावरून बघत होते, ते खाली उतरले आणि खाकरून म्हणाले, "मला चार टमाटे मिळतील का? फक्त चार." त्यांना चारच हवे होते आणि आजवर कुणी त्यांना चार दिले नव्हते. भाकरी थापायच्या आत ढीग संपला. लिंगाप्पा पायरीवर बसून सगळं बघत होता. त्या रात्री त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

मग ते सुरूच झालं. बाजाराच्या दिवशी दुपारी लिंगाप्पा आधी आपल्या टोपलीत डोकवायचा आणि मग बाकीच्या तिन्ही दारांपुढून एक फेरी मारायचा. "घरात काय हाय?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. "काय पाहिजे?" हा दुसरा. रेणुका म्हणायची, भेंडी पाहिजे. तो विचारायचा, परवाची गवार संपली का? ती जीभ चावायची. लिहायला-वाचायला त्याला येत नव्हतं, पण शेकडो मेंढरांतलं कुठलं कुणाचं हे ज्यानं ध्यानात ठेवलं होतं, त्याला चार घरांची भाजी काय जड? एकेका घरासाठी तो वेगळं पाव-पाव किलो घेत नसे. चार घरांचं मिळून पाटीच उचलायचा, म्हणून भावही कमी लागायचा.

सगळं सुरळीतच चाललं असं नाही. एकदा फ्लॉवरचे गड्डे आणले, लहानमोठे होते. अंबिकानं ज्याला त्याला हाताला लागेल तो दिला. दुसऱ्या दिवशी सुमनबाई आपला गड्डा घेऊन दारात. "रेणुकाला मोठा, आन् मला ह्यो किडका? आमी पैसे कमी देतो का?"

लिंगाप्पा आतून ऐकत होता. बाहेर येऊन त्यानं त्यांचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले आणि आत गेला. पुढच्या बाजाराला तो उठलाच नाही.

"मी कुणाचा नोकर न्हाई," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "भलं करायला जावं, तर चोर ठरावं."

अंबिकानं दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही. संध्याकाळी सिद्धराम टेम्पो लावून घरी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि बापाशेजारी खाली जमिनीवर बसला. मग म्हणाला, "अप्पा, देवाला बकरं कापल्यावर वाटे कोण लावत होतं?"

"मीच की. दुसरं कोण?"

"भांडण होत होतं का कधी?"

"कसं व्हईल? वाटे लावणारा समद्यांत शेवटी उचलायचा. मग तो लबाडी कामून करंल?" लिंगाप्पा बोलता बोलता थांबला. त्यानं मान वळवून लेकाकडं पाहिलं.

"मग भाजीला काय झालं?" सिद्धराम म्हणाला. आणि जरा वेळानं, जमिनीकडं बघत, "त्या दिशी मी लई बोललो, अप्पा. ज्वारीपायी."

"ज्वारी खरंच नासली होती," लिंगाप्पा म्हणाला. त्या दोघांत एवढंच बोलणं झालं, पण अंबिकाला पुरलं.

पुढच्या बाजारापासून पायरीसमोर घोंगडं अंथरलं जाऊ लागलं. लिंगाप्पा बसून त्यावर वाटे मांडायचा. एखादा वाटा हलका वाटला तर वरून एखादी मिरची टाकायचा, मागं सरून डोळे बारीक करून बघायचा, पुन्हा एक वांगं इकडचं तिकडं करायचा. पहिल्यांदा त्यानं मुद्दाम सुमनबाईंना हाक मारली. "उचला तुमी आधी." सुमनबाईंनी चारही वाटे न्याहाळले, पण कुठला उचलावा हे त्यांना ठरवता येईना, इतके ते सारखे होते. शेवटी जवळचा उचलला आणि म्हणाल्या, "मामा, त्या दिशी मी उगंच बोलले." त्याच्या पुढच्या वेळी पहिला मान रेणुकाचा. आपल्या घराचा वाटा शेवटचा, हे अंबिकानं न सांगता ठरून गेलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. महिना सरत आला तरी दूध निम्म्यावर येत नव्हतं. सिद्धराम एकदा पाकीट चाचपत म्हणाला, "अजून पैसे कसे हायत?" अंबिका हसली. तिनं ते कावेरीच्या नव्या बुटांसाठी बाजूला काढले. घरात काहीच वाया जात नव्हतं असं नव्हे. एकदा लिंगाप्पाला राहवलं नाही, त्यानं कुणी न मागितलेला डोंगराएवढा लाल भोपळा आणला. सिद्धरामनं तो कोयत्यानं फोडला, चारही घरांत आठवडाभर भोपळ्याच्या घाऱ्या झाल्या आणि पाचव्या दिवशी माणिकराव हात जोडून म्हणाले, "आता पुरे." पण उरलंसुरलं काय करायचं ते बायका आता एकमेकींना विचारत होत्या. शिळ्या भाकरीचा कुस्करा लेकराला कसा मऊ करून द्यायचा, ते सुमनबाईंनी रेणुकाला शिकवलं. भाकरी मोजून थापायला मात्र रेणुका स्वतःच शिकली. नवरा मुक्कामाच्या गाडीवर आहे की घरी येणार, हे फोनवर विचारल्याशिवाय ती पीठ मळेनाशी झाली.

उन्हाळा लागला आणि टमाटे मातीमोल झाले. बाजारात लोक ढीगच्या ढीग रस्त्यावर सोडून जायला लागले. लिंगाप्पा दोन बाजार अस्वस्थ होऊन परत आला. तिसऱ्या वेळी माणिकरावांनीच जिन्याची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"गच्ची रिकामीच पडलीय," ते म्हणाले. "वाळवायचं असेल तर वाळवा. फक्त मला थोडी टमाट्याची चटणी द्या."

मग गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या गेल्या. चार घरच्या बायका मांडी ठोकून टमाटे चिरायला बसल्या. फोडी मिठात घोळून पसरल्या, पलीकडं गवार, पलीकडं मिरच्या. लिंगाप्पा जिन्याच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसला. सुमनबाईंनी हात चिरचिरतात म्हणून कुरकुर केली आणि तरी सगळ्यांत जास्त चिरलं. कावेरी सुट्टीतली, फोडी उलट्या करता करता अर्ध्या तोंडात टाकत होती.

संध्याकाळी सिद्धराम कामावरून आला, तो थेट वरच. बापाला पाण्याचा तांब्या दिला आणि पसरलेला सगळा पसारा बघत उभा राहिला.

"अप्पा, पुढच्या बाजारला मी सुट्टी काढायलोय. मी पन येतो तुमच्यासंगं. मालकाला विचारून टेम्पो बी आणतो. डोक्यावर कशापायी वाहायचं?"

लिंगाप्पानं पाण्याचा घोट गिळला, तांब्या खाली ठेवला.

"तू ये," तो म्हणाला. "टेम्पो नगं. टेम्पो आणलास तर मी टेम्पोभर घेईन."

अंबिका टमाटे चिरताना एवढ्या जोरात हसली की सुमनबाईंनी तिच्या पुढ्यातली विळी बाजूला सरकवली.